कपाटामागच्या तारखा

नवघर, भाईंदर (पूर्व)
२ मार्च २०२५

ती. वैजूताईस,
उत्तमचा सप्रेम जयभीम वि. वि.

मंडणगडला तुझी तब्येत ठीक असेल. फोन केला की बरी आहे एवढंच सांगून ठेवून देतेस, म्हणून साठाव्या वर्षी पत्र लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस.

तुझी खोली स्वतः रंगवायला काढलीय. उर्मिला म्हणाली की ज्याला खिळा सरळ ठोकता येत नाही त्यानं पेंटर बोलवावा. पण मला हौस. खाली पेपर पसरले, खिळे उपटले, भोकांत पुट्टी भरली आणि काल तुझं रिकामं लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं.

ताई, मागची भिंत पार ओली. हात लावला की पाणी. आणि ओलीच्या कडेकडेनं पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात तारीख. १२ जानेवारी, कपडे गच्चीत. ३० जानेवारी, कपडे गच्चीत. १९ फेब्रुवारी, कपडे गच्चीत. दर रेघ आधीच्यापेक्षा चार बोटं बाहेर.

प्लंबर म्हणतो की पलीकडच्या बाथरूमचा पाइप कित्येक वर्षं गळतोय. आणि मी घरात कुरकुरायचोच, वर माझ्या लेकीच्या, साक्षीच्या सासरच्यांसमोरही बोललो होतो की ही बाई खोलीत ओले कपडे वाळत घालून माझं घर सडवतेय. बाई म्हणालो. भावजी गेल्यावर अकरा वर्षं तू माझ्या घरात राबलीस आणि मी तुला बाई म्हणालो. आठवड्यात तू गावी निघून गेलीस, तरी मी आपला गुर्मीतच. चुकलं माझं. कळायला दोन वर्षं लागली.

पाइप बदललाय. खोली तुझ्यासाठीच तयार करतोय, परत ये. फक्त एक सांग, या तारखा तेव्हाच का दाखवल्या नाहीस?

माझ्या तोंडामुळे लोभ आटला असेल तर उर्मिलेकडे बघून तरी ठेव.

तुझा,
उत्तम


मंडणगड
१३ मार्च २०२५

चि. उत्तम यास,
वैजूताईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर शाळेत होतं तसंच, कोंबडीचे पाय. अरे, भिंत सुकायच्या आत पुट्टी भरतात का? उकरून काढ. पोपडे पत्र्यानं खरवड, पॉलिश पेपर मार आणि महिनाभर पंखा लावून ठेव. घाई तुझ्या पाचवीला पुजलेली.

तारखा दाखवायच्याच होत्या. त्या रविवारी तुला बोलवायला म्हणून बाहेर आले, तर तू पाहुण्यांसमोर ते बोललास. नंतर हात धरून नेलं असतं तर बघितलं असतंस, माफीही मागितली असतीस. पण तुझा विश्वास भिंतीवर बसला असता, माझ्यावर कुठे? सख्ख्या भावाला पुरावा द्यायचा, ते मला जमलं नाही. साड्या काढल्यावर कपाट हलकं झालं होतं. मीच ते रेघांवर सरकवलं आणि बॅग उचलली.

राग गेला रे. पण राहायला नाही येणार. इथे खोकला थांबलाय, संध्याकाळी विहारात मुलांना वंदना शिकवते. जयंतीला चार दिवस येईन. १७ एप्रिलचं परतीचं एसटीचं तिकीट काढलंय. पाहुणीसाठी रंगाची धावपळ करू नकोस. त्या रेघाही घासून टाक.

उर्मिलेला आशीर्वाद. पत्राला उत्तर दे, तेवढी माया पुरे.

तुझी,
वैजूताई


नवघर
५ एप्रिल २०२५

ती. ताईस जयभीम.

पुट्टी उकरली, उर्मिला पोट धरून हसली. पोपडे काढले, पॉलिश पेपर मारला, नाकातोंडात धूळ गेली. तीन भिंती तयार आहेत. चौथीवर पॉलिश पेपर धरला आणि तसाच खाली ठेवला.

रोज सकाळी तिथे उलटा हात लावून बघतो. ओल आत आत येतेय. तिच्या कडेनं आता मी रेघ मारतो आणि तारीख टाकतो. काल तळहाताएवढी उरली होती. बघायला मला कुणी सांगितलेलं नाही, मीच बघतोय. तेव्हा एकदा उठून बघितलं असतं तर तू इथेच असतीस.

रंगाचा डबा आणलाय, उघडलेला नाही. तू आल्यावर उघडू.

तुझं पत्र उर्मिलेला मोठ्यानं वाचून दाखवलं. पाहुणी लिहिलंस तेवढं वाक्य गाळलं.

चार दिवसांचा तर चार दिवसांचा, पण लोभ असू दे.

तुझा,
उत्तम