तोमासा कोणाचं ऐकते

११ नोव्हेंबर

काय रे कागदा, काल तुला काय सांगितलं, आठवतंय? नाही ना! पान उलटलं की तू कोरा. शेजारचे एव्हेनोर म्हणतात, "वाचून दाखवू का, एर्मेलिंदाबाई?" नको! मला सगळं पाठ आहे. अक्षरं येणाऱ्यांनाच विसरायची चैन परवडते. लिहा, एव्हेनोर, हेही लिहा.

बोटीच्या तिकीटखिडकीत जन्म गेला यांचा. आता रोज दुपारी येतात, माझी कॉफी पितात, त्या बदल्यात माझं बोलणं उतरवतात. अक्षर म्हणे सुंदर आहे. मला काय, मुंग्यांची रांग सरळ चाललेली दिसते.

तर पुन्हा सांगते. माझी लेक चिलो, राजधानीत, मानाग्वाला असते, चौथ्या मजल्यावर. तिचं एकच पालुपद — "आई, तू बाहेर एकटी हिंडतेस. आता एकदा जरी पडलीस, तरी तुला इकडे घेऊन येईन." तिथे खिडक्यांना गज. पाखरू पाळायची बंदी. म्हणजे आमच्या तोमासाचं काय?

म्हणून मी युक्ती काढली. तोमासाला शिकवायचं — "आई मजेत आहे!" रविवारी चिलोचा फोन आला की म्हणेल. पोपटिणीवर कोण संशय घेणार!

१३ नोव्हेंबर

सकाळपासून "आई मजेत आहे, आई मजेत आहे." जबडा दुखला. कॉफीत बुडवलेला पाव दिला. त्याने पोपटाची जीभ सुटते, असं माझी आई म्हणायची. तोमासाने पाव खाल्ला. दुसरा मागितला. जीभ जागच्या जागी!

१५ नोव्हेंबर

आज तळ्यावर धुणं. तोमासा खांद्यावर. तिचे पंख कातरलेले, त्यामुळे बाहेर पडलं की माझं सुरूच असतं — "वर बघ! नारळाखाली थांबू नको! एकटी जाऊ नको!"

वर ससाणा घिरट्या घालत होता. तिच्या वाटचं वर मीच बघत बसले आणि पायाखालचा साबणाने बुळबुळीत झालेला धुण्याचा दगड राहिला. धप्प! बसले पाण्यात. परात तरंगत निघाली पलीकडच्या ज्वालामुखीच्या दिशेने. तोंडातून गेलं, "अगं आई गं! मेले! कुणी पाहिलं नाही ना?"

कुणी नव्हतं. गुडघा पपईएवढा झालाय. हे तुलाच सांगते, कागदा. एव्हेनोरना शपथ घातली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन. "आई, कशी आहेस?" मी तोमासाला कोपराने ढोसलं.

तोमासा, खणखणीत, माझ्याच आवाजात — "अगं आई गं! मेले! कुणी पाहिलं नाही ना?"

पलीकडून चिलो म्हणाली, "मारियाच्या सणाला येते. बोचकं बांधून ठेव."

गद्दार! दिवसभर गोड बोलून घोकलं ते डोक्यावरून गेलं. एकदा कळवळून ओरडले, ते पाठ!

१७ नोव्हेंबर

एव्हेनोर म्हणतात, पाखराला नुसते शब्द चिकटत नाहीत. ज्यात जीव ओतला असेल ते चिकटतं. "एर्मेलिंदाबाई, तुमच्या 'मजेत'मध्ये जीव नव्हता."

मोठे आले शहाणे! मग मी कॉफी करायला आत गेले की तुम्ही तिच्याशी काय पुटपुटत असता?

"हवापाण्याचं," म्हणाले. कान मात्र टोमॅटो.

२२ नोव्हेंबर

तोमासाशी अबोला धरला आहे. तिला अजून कळलेलं नाही.

२९ नोव्हेंबर

गुडघा बरा वाटला, म्हणून परात घेऊन गुपचूप निघाले. दारातल्या दांडीवरून हुकूम आला — "एकटी जाऊ नको! वर बघ!"

परत फिरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं, आणि तिला चोच आहे.

अबोला सोडला.

३ डिसेंबर

बोचकं बांधायला घेतलं. तोमासाला कोण ठेवणार, म्हणून विचारलं. एव्हेनोर म्हणाले, "मी ठेवीन." पेन्सिलीचं टोक तेवढं मोडलं. म्हणे, शिसं हलकं आहे.

६ डिसेंबर

चिलो आली. तळ्यात वारा, बोटीत सगळी वाट ओकत आली. आल्या आल्या माझा गुडघा बघितला, नारळाचं झाड बघितलं, साबणाचा दगड बघितला. "आई, इथे तुझ्याकडे बघायला आहे कोण, सांग ना!"

मी तिच्या हातात पाणी दिलं. एव्हेनोर तिथेच बसले होते. कॉफी गार करून प्यायले.

परवा सकाळची बोट.

७ डिसेंबर

आज सण. संध्याकाळी ओसरीवर मारियामातेची मूर्ती मांडली, फुलं वाहिली. ऊस, संत्री, मिठाया टोपल्यात. गल्ली आरोळ्या देत दारोदार फिरत आमच्याकडे आली. आरोळी पाळण्यापासून पाठ असते — "एवढा आनंद कोणामुळे?" आणि सगळ्यांनी ओरडायचं, "मारियामुळे!"

"एवढा आनंद कोणामुळे?" गल्लीने विचारलं आणि उत्तरासाठी श्वास घेतला. तेवढ्यात दांडीवरून तोमासा —

"एर्मेलिंदामुळे!"

एव्हेनोरच्या आवाजात! पुढचा दात पडल्यामुळे येते ती शीळसुद्धा तीच! आणि नुसतं एर्मेलिंदा! 'बाई' गेली कुठे?

लोक इतके हसले की टोपली कलंडली, संत्री उतारावरून पळाली. चिलो एव्हेनोरकडे बघत होती. एव्हेनोर उसाकडे बघत होते, कधी ऊस पाहिलाच नसल्यासारखे.

लोक गेल्यावर मी विचारलं, "किती वेळा म्हणालात तिच्यापाशी?"

"एकदाच," म्हणाले.

लिहा, एव्हेनोर. गाळू नका. बघा, आज मुंग्यांची रांग कशी वाकडी चाललीय!

८ डिसेंबर

सकाळच्या बोटीने चिलो एकटीच गेली. जाताना माझ्या कानात म्हणाली, "बघायला कोण आहे, विचारलं तेव्हाच बोलायचं होतं ना या माणसाने!" बोचकं सोडलं. एव्हेनोर कॉफीचा आपला पेला घरून घेऊन आले, परत नेला नाही.

एव्हेनोर, आता चिलोला चिठ्ठी लिहा — चिलो, पुढच्या बोटीने पाव पाठव. मऊ बघून. एकाला दात नाही, एकीला चोच आहे — तिघांना पुरेल एवढा.