शेवटची सोळा पानं

चिमणे,

तू रुसून हॉस्टेलवर गेलीस त्याला तीन महिने झाले. "असल्या जादूच्या प्रेमकथा रद्दीत घाल," असं मी म्हणाले, आणि शेवट वाचायचा राहिलेलं पुस्तक तू माझ्या बाइंडिंगच्या टेबलावर आपटून निघून गेलीस. त्याची शिवण उसवली. शिवायला घेतलं, सहज पहिलं पान वाचलं, आणि गिऱ्हाइकांची कामं तशीच पडून राहिली.

काय डांबरट पोरगी आहे गं त्यातली! राजपुत्राला वाटतं, आपण हिला कैद केलंय. आणि किल्ली हिच्याच वेणीत! मी एकटीच खिदळत बसले. तुझे बाबा म्हणाले, "या वयात राजपुत्र?"

"मग काय, जन्मभर तुमच्यावरच भागवू?"

चुकलं माझं. फोनवर हे सांगायला जीभ रेटत नाही, आणि हे पत्रही मी टाकणार नाही. त्या पोरीकडून शिकलेय, विनवण्या करायच्या नाहीत, समोरच्याला यायला लावायचं. उद्या पुस्तक नव्या बांधणीत तुला पाठवतेय. शेवटची सोळा पानं मात्र शिवलेली नाहीत. ती माझ्या खणात आहेत.

ये, हवं तेवढं भांड. फक्त येताना या गोष्टीचा दुसरा भाग घेऊन ये.

तुझी नव्याने बिघडलेली,
आई