बाईंच्या मशीनला जवसाचं तेल

१४ ऑगस्ट १९६२, यवतमाळ

दोन दिवस म्हणून टेकलो होतो, आज बारावा. झरीकडून लाकडाच्या ट्रकवर बसून आलो तेव्हा अंगात ताप. शंकर ड्रायव्हरनं कोपऱ्यावर उतरवलं, अन्‌ जो ओटा पहिला दिसला त्यावर आडवा झालो. ओटा मास्तरीणबाईंचा निघाला. त्यांनी पेज दिली, नाव विचारलं, गाव नाही विचारलं. ताप उतरला तशा म्हणाल्या, "थावरू, आता उठलाच आहेस तर हा दांडा फिरव."

तेव्हापासून फिरवून राह्यलो.

दांडा धुण्याच्या मशीनचा. तीन पायांचं पांढरं पिंप, खाली मोटर, मधात एक जाड खांब चादरी घुसळतो. बाई त्याला रवी म्हणतात. वर दोन रबरी रोलर, त्यातून चादर दाबून पिळायची, ते काम हातानं, दांडा फिरवून. मिशनच्या गोऱ्या बाई आपल्या देशी परत गेल्या तेव्हा नानांनी ही मशीन घेतली. नाना म्हणजे बाईंचे मालक, कापसाच्या जिनात टाइमकीपर होते. दोन वर्षांमागं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. रोजच्या तीन चादरी, कधी चार. परीट आठवड्यातून एकदा येतो. बाईंना अकराला शाळा.

एक गंमत. मशीन सुरू झाली की नाना डाव्या हातातली अंगठी खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवतात. रवीच्या ठेक्यात. टण्‌, टण्‌. करंट गेला की तेही थांबतात.

मशीनला वास येऊन राह्यला. आज धुतलेल्या चादरीवर करडे ठिपके.

१६ ऑगस्ट

नानांच्या धाकट्या भावाचं पत्र नागपूरहून. वकील आहेत, वसंतराव. बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं अन्‌ चादरी घ्यायला गेल्या. मग पिंपाशी मला म्हणाल्या, "पोळा झाला की भावजी येणार. नानांना नागपूरला दवाखान्याच्या वॉर्डात ठेवायचं म्हणतात."

"तुमी?"

"माझी शाळा इथं आहे रे. शाळा सोडली तर खायचं काय?"

जरा वेळानं म्हणाल्या, मागं ही बिघडली होती तेव्हा हातानं इतक्या चादरी मी महिनाभर धुतल्या होत्या, बोटं सोलून निघाली होती. ही चालते म्हणून नाना घरी आहेत. ही बसली तर भावजींना नाही म्हणायला माझ्याजवळ काय आहे?

आज पुन्हा ठिपके. दोन चादरी दोनदा धुतल्या.

१८ ऑगस्ट, शनिवार

इस्माईलचाचा आले (पुढं नुसतं इ.चा. लिहीन, हात दुखतो). स्टो, सायकली, जिनातले पट्टे, सगळं दुरुस्त करतात. पिंपात नाक घातलं अन्‌ बाहेर काढलं.

"बाई, यात मेलं काय?"

"काही नाही हो. रोज धुते ना मी."

"कपडे धुता. मशीन कधी धुतली?"

बाई हसल्या. दोघंही हसले. मलेबी कधी सुचलं नाही, साबणातच तर राहते दिवसभर, ती कायले घाण होईल?

रवी निघता निघेना. इ.चां.नी खालून लाकडानं हळू ठोकली, मी वरून ओढली. निघाली तशी मी पाठीवर. तिच्याखाली बोटभर राखाडी चिखल. साबण, चादरीचा भुगा, विहिरीच्या जड पाण्याचा चुना, सगळं मिळून. त्यात कपड्यांचे हूक, एक सेफ्टीपिन, सुपारीचं खांड, अन्‌ एक पितळी बटण. बटणावर जहाजाचा नांगर. गोऱ्या बाईंच्या पोराचं असंन. ते घासत बसलो. समुद्र कसा असतो, नांगर किती खोल जातो, तिथं कोण्या ट्रकनं...

"ओ आगबोट! पाणी गरम झालं का?" इ.चा. ओरडले.

चूल विझली होती.

१९ ऑगस्ट

आजही तेच. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, नारळाच्या शेंडीनं आतून घासलं. काठाखाली जो पांढरा थर दगडासारखा बसलेला, त्याला चिंच भिजवून चोपडली, तासभर ठेवली, मग लाकडाच्या चिपेनं काढला. लोखंड लावायचं नाही, चकाकी उडते. पाणी जायची नळी उलटी करून फुंकली, तोंडात काय आलं ते लिहीत नाही.

इ.चां.नी शिकवलेलं:
धुणं झालं की पिंप पुसायचं, झाकण उघडं ठेवायचं.
रोलरचा वरचा स्क्रू ढिला करायचा, नाहीतर रबर दबून चपटं होते.
दर शनिवारी रवी काढायची.

"अन्‌ तेल?" मी विचारलं.

"मशीनचंच तेल. बाजारातून आण. उद्या आण." बाटली हातात दिली.

खाली मोटरच्या वर उघडी दातेरी चाकं आहेत, कोरडी पडली. रोलरचीही.

२४ ऑगस्ट

पाच दिवस लिहिलं नाही. खरं सांगायचं तर तेल आणायलाच गेलतो. बाजाराच्या तोंडाशी आमच्या तांड्याकडची दोघं भेटली, बैलजोडी घेऊन नेरच्या बाजाराला निघालेली. किती महिन्यांनी आपली बोली कानावर पडली. "याडी पूछरीची," म्हणाले. माय विचारते म्हणे. तेवढ्यावर मी बैलांच्या मागं. नेरला बाजार, मग एक कुस्ती, मग त्या कुस्तीतल्या पहिलवानाचा गाव. असंच.

आज परत निघताना बाटली आठवली. रस्त्यावरच घाणी होती, ताजं जवसाचं तेल गळत होतं. भरून घेतली. तेल ते तेल. बापू, म्हणजे माझा बाप, पोळ्याला बैलांच्या शिंगांना हेच चोळतो, महिनाभर चमक जात नाही. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल वाहत आली, तेलाचं आम्हाला कोण शिकवणार?

दारात बाई उभ्या. बाजूला सरकून वाट दिली. नानांनी मात्र अंगठी वाजवली, मशीन बंद असून. एकदाच. टण्‌.

२५ ऑगस्ट, शनिवार

तेल दिलं. रोलरला, खालच्या चाकांना, रवीच्या खांबाला. हात आखडता घेतला नाही. लोण्यासारखी फिरली! आवाज निम्मा झाला. चादरी पांढऱ्याफेक, वास गेला. बाईंनी एक चादर नाकाशी धरली अन्‌ तशाच उभ्या राह्यल्या. म्हणाल्या, "कशानं केलंस रे?"

"तेलानं," म्हणालो. फुशारकीनं.

नाना अर्धा तास वाजवत होते.

३० ऑगस्ट, पोळा

पोळा पाहायला शहराबाहेर गेलो. जोड्या तोरणाखाली उभ्या, झुली, घुंगरं, बाशिंगं. एका म्हाताऱ्याची पांढरी जोडी, शिंगं आरशासारखी. म्हटलं, बाबा, काय लावलं?

"जवस. आठ दिवसांमागं लावलं, आता पाय."

मी शिंगाला हात लावला. तेल कुठंच नव्हतं. काचेसारखं कडक. नख लावलं तर नख फिरलं, ते नाही.

आठ दिवसांमागं.

तसाच उभा राह्यलो. पोळा फुटला, बैल अंगावरून गेले, लोक ओरडले. मी

१ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं नाही. आज रवी काढायचा दिवस, निघाली नाही. "मागच्याच शनिवारी तर काढली," म्हणालो बाईंना. मशीन घुरघुरून राह्यली, ठेका चुकतो. नानांचं बोट मधात थांबते, वाट पाहते, पुन्हा लागते. माझ्याकडं पाहतात.

३ सप्टेंबर

बसली. चादर रोलरमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर, ना पुढं ना मागं. खाली मोटर नुसती गुणगुणते. जळका वास आला तसं बटण बंद केलं.

बाईंनी कात्री आणली. चादर कापून काढली. शाळेला उशीर झाला, पण हातानं दोन चादरी धुतल्याच. "इस्माईलभाईंना बोलाव," एवढंच म्हणाल्या. परवा भावजी येणार.

४ सप्टेंबर

इ.चां.कडं निघालो अन्‌ पाय एसटी स्टँडकडं गेले. गाठोडं सोबत कसं आलं ते मला विचारू नका. बाभुळगावची बस लागलेली. खिडकीजवळची जागाही मिळाली. कंडक्टर म्हणाला, कुठं?

कुठंही चाललो असतो. पण खिशात हात घातला तर ते नांगराचं बटण. परत द्यायचं राहून गेलं होतं. उतरलो. कंडक्टरनं शिवी दिली, बरोबर दिली.

शाळेच्या फाटकाशी बाईंना गाठलं, मधल्या सुटीत. पोरी पाहून राह्यल्या. सगळं सांगितलं. जवस, नेर, पोळा, शिंग, बस. सगळं.

बाईंनी पोरींना आत पाठवलं. मग म्हणाल्या, "तू निघून गेला असतास तर मला कळलंही नसतं की झालं काय."

"हो."

"मग काहून आलास?"

मी बटण दिलं. त्यांनी पाहिलं, परत माझ्याच हातावर ठेवलं.

इ.चां.ना सांगणं जास्त जड गेलं. आधी कपाळाला हात, मग असे हसले की खोकला लागला. "अबे थावरू, पोळ्यात नाचवायची होती का इले? सींग का तेल मशीन को पिलाया!" नंतर डोळे पुसत म्हणाले, "चल. चढवलं तू, उतरवशील बी तूच."

५ सप्टेंबर

रॉकेलनं काही हललं नाही. तेलाची लाख झाली होती, दातेरी चाकांत पिवळी काच. इ.चां.नी सगळं सोडवलं, मी कढईत सोड्याचं पाणी उकळलं अन्‌ एकेक चाक त्यात. लाख मऊ पडली की बांबूच्या कांबीनं दातादातातून काढायची. एका चाकाला बेचाळीस दात आहेत. मोजले.

अंगणभर जुन्या कागदांवर मशीन पसरलेली, अन्‌ त्यातच फाटक वाजलं. वसंतराव. कोट, छत्री, चामडी पिशवी.

"वहिनी, हे काय?"

बाईंचे हात साबणात, बोटांना चिंध्या बांधलेल्या. लपवायला जागा नव्हती. वसंतराव ते हातच पाहून राह्यले. मला वाटलं, संपलं.

बाई म्हणाल्या, "मशीन धुतोय, भावजी. चहा ठेवते, तोवर ती चादर जरा पिळून घ्या."

वसंतरावांनी कोट काढून खुंटीला लावला, चादरीचं एक टोक धरलं. दुसरं मी. ते ज्या बाजूला पिळतात, त्याच बाजूला मीही. दोघं घाम गाळतो, चादर तशीच लोंबते.

"अरे, तू उलटा पीळ ना!"

"साहेब, तुमीच उलटे पिळा, मी आधी धरली!"

आतून आवाज आला. आम्ही सगळे थांबलो. नाना हसत होते. अर्ध्याच तोंडानं, घशातून, पण हसत होते. वसंतरावांनी चादर सोडली अन्‌ आत गेले. चादरीचं पाणी माझ्या पायावर.

७ सप्टेंबर

मशीन उभी केली. तेल इ.चां.नी स्वतः आणलं, स्वतः घातलं, बाटली माझ्यापासून लांब ठेवली. पाच चादरी निघाल्या. नानांचं बोट पहिल्या ठेक्यापासून लागलं, एकही चुकलं नाही. वसंतराव खाटेच्या पायथ्याशी बसून मोठ्या भावाच्या हाताकडं पाहून राह्यले.

८ सप्टेंबर, शनिवार

वसंतराव गेले, एकटेच. जाताना बाईंना म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू, वहिनी. मग ठरवू. तुमचे हात मला चांगले दिसत नाहीत." मग फाटकाशी मला बाजूला घेतलं.

"आता कपडे पिळायला, रवी काढायला तू आहेस म्हणून मी जातोय. दिवाळीपर्यंत राहशील?"

मी बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. कोणाला कधी कबूल केलं नाही. म्हटलं, "साहेब, आज तर शनिवार आहे, रवी काढायची आहे." ते माझ्या तोंडाकडं पाहत राह्यले. हे उत्तर नव्हतं, मलाही माहीत आहे.

१५ सप्टेंबर, शनिवार

सकाळी रवी काढली, घासली, बसवली. सगळं करायचं कसं ते बाईंना दाखवलं, त्यांच्या वहीत लिहूनही दिलं, चित्रांसकट. "मला कशाला शिकवतोस?" म्हणाल्या. मी खालीच पाहत होतो. बाईंनी डब्यात भाकरी भरून ओट्यावर ठेवली. शाळेत गेल्या.

शंकर ड्रायव्हर काल बाजारात भेटला होता. आज झरीला रिकामा चालला. तिकडून पुढं चांद्याच्या जंगलात काम आहे म्हणतो, हत्ती लाकडं ओढतात. हत्ती मी पाहिला नाही अजून.

दुपारी ट्रक कोपऱ्यावर लागला. हॉर्न. गाठोडं घेऊन ओट्यावर आलो अन्‌ आठवलं, रोलरचा स्क्रू ढिला केलाच नाही. "पाच मिनिटं थांब गा!" ओरडलो. आत गेलो, स्क्रू ढिला केला, झाकण उघडं ठेवलं. पुसायचं फडकं दोरीवर टाकलं. झालं.

ओट्यावर बसून हे लिहून राह्यलो. निघायच्या आधी दोन ओळी, म्हणून. मशीन बंद आहे, करंटही नाही. अन्‌ आतून खाट वाजायला लागली. टण्‌, टण्‌, टण्‌. रवीच्याच ठेक्यात. थांबेचना.

शंकर हॉर्न वाजवून राह्यला. खाटही.