गोदा येईपर्यंत मासे बंद

कर्जत स्टेशन, तारऑफिस

सोमवार, ता. १३ नोव्हेंबर १८९३. सकाळी.
आजपासून मासे बंद. गोदा पेणहून परत येईपर्यंत एक तुकडासुद्धा तोंडात घालायचा नाही. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल.
आमची ठमी भाद्रपदात गेली. सव्वा वर्षाची होती. ताप आला आणि गेली. दसरा झाल्यावर गोदाचा भाऊ पोपट आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. चार दिवस राहून येते म्हणाली. मी म्हटलं, तुझी मर्जी. घरात एकाने तरी खंबीर राहायला हवं.
उद्यापासून स्वतः रांधणार. वरण-भात. त्यात अवघड काय आहे?

मंगळवार, ता. १४. रात्री.
भात करपला. वरणाबद्दल लिहीत नाही.
सिग्नलच्या पलीकडे धाकलूची खानावळ आहे, तिथे नुसतं ताक मागायला गेलो. खानावळ म्हणजे त्याच्या घराची पडवीच. धाकलू पेणच्या खाडीवरून मासळी आणतो, त्याची बायको सोनुबाई रांधते. पंगतीला मालगाडीवाले, गँगमन, गाडीवान. सोनुबाई ओले बोंबील तळत होती. ताक नाय म्हणाली.
सहा बोंबील खाल्ले. बोंबील हा तसा मासा म्हणता येणार नाही. निम्मं पाणीच असतं.

शनिवार, ता. १८.
सोनुबाई विचारत होती, वैनी कवा येणार? म्हटलं, पुढच्या शनिवारी. खात्रीने सांगितलं. तिने आणखी एक भाकरी टाकली पानात.
मांदेली होती. मांदेली अगदी बारीक. ती मोजायची नाही असं ठरवलं आहे.

रविवार, ता. २६.
आज पेणला जाणार होतो. रजा मंजूर, पास खिशात, नवा कोट अंगावर. खोपोलीपर्यंत गाडी, पुढे बैलगाडी. सगळं शिस्तीत ठरवलं होतं.
उपाशी पोटी प्रवास डायजेशनला वाईट, म्हणून वाटेत धाकलूकडे टेकलो. जेवता जेवता गाडी गेली. एका अर्थी बरंच झालं. लगेच धावत गेलो असतो तर गोदाला वाटलं असतं की माझं तिच्यावाचून अडतं. थोडी वाट बघू दे. मग ती आपणच येईल.
कोटावर कालवणाचा डाग.

मंगळवार, ता. ५ डिसेंबर.
धाकलू मासळी आणायला पेणला गेला होता. गोदा त्याला माहेरच्या दारात भेटली. तिने विचारलं, ते जेवतात ना? धाकलू म्हणाला, रोज आमच्यातच जेवत्यात. तिने विचारलं, बोलतात काय? हा म्हणाला, गाड्यांचं बोलत्यात. कंची लेट, कंची टायमात. मग तिने विचारलं, ठमीचं नाव काढतात का?
धाकलू भोळा माणूस. नाय म्हणाला.
मला यात चूक काही दिसत नाही. घरचं दुःख खानावळीत काढणं सभ्य माणसाला शोभत नाही.
तिचा निरोप असा: एकदा त्यांनी स्वतः यावं. पोपटबरोबर मी जाणार नाही. ते आले की त्याच गाडीने निघेन.
म्हणजे मामला सोपा आहे. या रविवारी नक्की.

रविवार, ता. १०.
ड्यूटी. दुसरा तारबाबू मी करतो म्हणत होता, पण त्याचा हात कच्चा. लाइनची जबाबदारी असते. येत्या रविवारी.

गुरुवार, ता. १४.
आज खानावळीत मी एकटाच. कोळंबीचं कालवण. सोनुबाई समोर बसली आणि एकाएकी म्हणाली, "ठमीला तुमी आनलेली एकदा. तवा भाताची शितं येचून खाल्लेली तिनं. आटवतं?"
मी म्हटलं, आठवत नाही. आणि घशात काहीतरी अडकलं. डोळ्यांतून पाणी. काटा लागला म्हणालो. कोरड्या भाताचा घास गिळला, पाणी प्यालो, तरी जाईना.
ती हळूच म्हणाली, "कोलंबीला काटा कुटला, बाबू?"
हात न धुताच उठलो.
तिखट जास्त झालं होतं. उद्यापासून तिथे जाणं बंद.

शुक्रवार, ता. १५.
गेलो. काल तसा उठून आलो, बाईमाणसाला वाईट वाटलं असेल म्हणून. तिने कालचं काही काढलं नाही.

रविवार, ता. १७.
थंडी फार. थंडीत बैलगाडी म्हणजे दुखणं घेणं. नाताळच्या आधी जाऊन तिला घेऊन येतो. हे शेवटचं.

रविवार, ता. २४ डिसेंबर.
लिहितो.
सकाळी निघायचंच होतं. पण धाकलूने काल सांगून ठेवलं होतं, जिताडा आणतोय, एवढा मोठा, बाबू तुमी पायजेच. दुपारची गाडी आहेच, असा विचार केला. उगाच कोणी बोलवायला येऊ नये म्हणून पोर्टर मालोजीला सांगितलं, कोणी विचारलं तर मी सरकारी कामाला गेलोय, रात्री येईन.
जिताडा उत्तम होता. दोनदा भात घेतला. दुपारची गाडी गेली. पडवीत आडवा झालो. झोप लागली. उठलो तर संध्याकाळ. हात-तोंड धूत असताना खोपोलीची गाडी समोरून गेली. टायमात आहे, असं मी धाकलूला सांगितलंसुद्धा.
स्टेशनात आलो तर मालोजी धावत आला. वैनी आल्या होत्या म्हणाला.
सकाळच्या गाडीने. एकटी. पोपट नको म्हणून एकटी. घराला कुलूप बघून स्टेशनात आली. याने माझा निरोप पाठ म्हणून दाखवला: सरकारी काम, रात्री येणार. ती घराच्या पायरीवर जाऊन बसली. शेजारणीने जेवायला बोलावलं, गेली नाही. संध्याकाळी स्टेशनात परत आली आणि मालोजीला विचारलं, ते रविवारी कुठे जातात रे? मालोजीला खोटं टिकवता आलं नाही. त्याने सिग्नलच्या पलीकडे हात केला.
"मंग?" मी विचारलं. असंच, त्याच्यासारखंच.
"मंग काय नाय. तिकडं बघत हुभ्या ऱ्हायल्या. गाडी आली, बसल्या."
मी पडवीत तोंड धूत होतो. डब्यातून दिसलो असेन.
घरी आलो. कुलूप न काढता पायरीवर बसलो. ठमी गेल्यापासून आज पहिल्यांदा रडलो, मोठ्याने, शेजारीण बाहेर आली इतका. ज्या बाईबरोबर तेव्हा रडायला हवं होतं, ती खोपोलीच्या पुढे बैलगाडीत होती.