नोडल आणि नाडलेला

५ जानेवारी, सोमवार
मुख्याध्यापक निवृत्त. संस्थेचे अध्यक्ष बाबूलालजी म्हणाले, ज्याची हजेरी निष्कलंक, त्यालाच सव्वीस तारखेला चार्ज. दावेदार दोन. ज्येष्ठतेने संस्कृतचा मी, स्कूटीवरच्या वक्तशीरपणाने गणिताच्या उर्वशी मॅडम.
आजपासून हजेरी मोबाइलवर, चेहरा दाखवून. ते सगळं बसवायला नोडल अधिकारी मी. नोडलला संस्कृतात शब्द सापडला नाही. मराठीत सर्वांत जवळचा 'नाडलेला'.
शाळा साडेदहाची, माझं घर तिथून दीड किलोमीटर. सरासरी उशीर वीस मिनिटं. संकल्प : उद्यापासून १०.२० ला शाळेत.

६ जानेवारी, सकाळी ११
आज अपवाद. अंघोळीचं पाणी उशिरा तापलं.
अकरा जणांचे चेहरे नोंदवले. अॅप म्हणतं, पापण्या लववा. देवांच्या पापण्या लवत नाहीत, म्हणजे ते आमच्या सिहोऱ्याच्या शाळेत कायम गैरहजर. चिंधू शिपायाने हात जोडून डोळे मिटले ते उघडेचना. वर म्हणाला, गुरुजी, हे मशीन मले ओळखूनच नाही राहिली. डोळे उघड म्हटलं, मग ओळखलं.

७ जानेवारी, सकाळी
'लोकेशन' ठरवायचं होतं. ठरवताना आपण जिथे उभे असू, तिथून शंभर मीटरच्या आतच सगळ्यांची हजेरी लागते. शाळेत काल रेंज नव्हती, म्हणून घरच्या ओसरीवर उभं राहून ठरवलं. निव्वळ चाचणी. आता अंघोळीआधीच माझी हजेरी लागू शकते, हा योगायोग. योगायोगाचा अनादर करू नये. उद्या बदलतो.

८ जानेवारी
मी हजर. बाकी शाळा गैरहजर.
चिंधू मोबाइल पुढे धरून, विहिरीचं पाणी शोधणाऱ्यासारखा, गावभर फिरला. माझ्या ओसरीवर हिरवी खूण उमटली. अकरापर्यंत सगळा स्टाफ अंगणात. मी टॉवेलवर. उर्वशी मॅडमनी विचारलं, सर, सरस्वती तुमच्याच घरी मुक्कामाला आली का?
तांत्रिक दोष आहे, असं सांगितलं. मॅडम हसल्या. त्यांना तंत्र कळत नाही.

९ जानेवारी
लोकेशन नव्वद दिवसांत एकदाच बदलतं, असं अॅप म्हणतं. कंपनीच्या नागपूर ऑफिसला तक्रार केली. तक्रार क्रमांक आला. काम झाल्यातच जमा.

१४ जानेवारी, संक्रांत
काम झालेलं नाही. सुट्टी असूनही सगळे आले, सवयीने. ही तिळगूळ वाटून मला म्हणाली, लोक शाळेत जातात, तुम्ही शाळाच घरी आणून ठेवली. गोड बोल म्हटलं. म्हणाली, हेच गोड होतं.

१६ जानेवारी
दहाला अंगणात माणसं, म्हणून पावणेदहाला अंघोळ. मग सगळ्यांसोबत शाळा. पाचला त्यांच्यासोबत परत, कारण हजर होणं जसं इथे तसं सुटणंही इथेच. तेवीस वर्षं शाळेतून निसटून घरी यायचो. आता घरून निसटून कुठे जावं?
पण हजेरी निष्कलंक. चार्ज माझाच.

२० जानेवारी
चिंधूने शाळेची घंटा माझ्या जांभाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाला टांगली. म्हणाला, सोयीचं पडते गुरुजी. एक बाई दाखल्यावर सही मागायला आली. शुभशकुन. अधिकार आधी पोचला, पद मागून येईल.
माझ्या आरामखुर्चीत उर्वशी मॅडम बसतात. हिची त्यांच्याशी गट्टी. त्यांनी तक्रार क्रमांक मागितला. उदारपणे दिला. नागपूर मला दाद देत नाही, त्यांना काय देणार!

२२ जानेवारी
स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या टॉवेलवर विनोद. ग्रुप म्यूट केला. पदाची शान राखावी लागते.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळची शाळा
६.५० : अंघोळ झाली. अकरा कप चहा तयार.
७.१० : कोणी नाही. थंडी आहे.
७.४० : बेशिस्त. चार्ज आल्यावर पहिला मेमो याचाच.
७.४५ : माझी हजेरी लावायला गेलो. अॅप म्हणालं, आपण कार्यक्षेत्राबाहेर आहात. ओसरीच्या चारही कोपऱ्यांत पापण्या लववून पाहिल्या.
९.०० : चिंधू घंटा न्यायला आला. म्हणाला, गुरुजी, लोकेशन तं कालच शाळेचं झालं. मॅडमनं नागपूरले जाऊनच करून आनलं. ग्रुपवर टाकलं होतं ना! अध्यक्षसाहेब सकायपासून बसून होते, इचारत होते, नोडलवाले काहून नाही आले?
सोबत धावत गेलो. हजेरी नऊलाच बंद. घरात बसून हजेरी लावायची होती. घरात बसून गैरहजेरी लागली.
ही म्हणाली, आता अकराही कप तुम्हीच प्या. मग जरा थांबून, सोमवारी येतील का हो ते?

२६ जानेवारी
झेंडा उर्वशी मॅडमनी फडकवला. लगेच पहिला आदेश वाचला : नोडल अधिकारी म्हणून मी कायम. टाळ्या.
चिंधूने मागून हळूच विचारलं, गुरुजी, नोडलले मराठीत काय म्हनते?
सांगितलं नाही.