चौथा रकाना

चिखलोली, ७ एप्रिल २०२५

ती. शंकरमामा यांस,
जिज्ञासाचा सलाम.

घडलं ते असं:

१. चर्चमध्ये पाळकांनी उपदेश केला: नीतिमान कोणी नाही, सगळ्यांना कृपेचीच गरज आहे.
२. प्रभुभोजनाआधी भरायला कमिटीने पापकबुलीचा फॉर्म छापला. सोबत आधारची झेरॉक्स.
३. त्रेसष्ट फॉर्म आले. तिसऱ्या रकान्यात सगळ्यांनी ‘महापापी’ लिहिलं. चौथा, ‘कोणतं पाप’, बासष्ट जणांनी कोरा सोडला.
४. समर्थने लिहिलं: दारू पिऊन आईवर हात उगारला.
५. सेक्रेटरी म्हणून तुम्ही प्रभुभोजनाच्या यादीतून फक्त त्याचं नाव काढलं.

माझा भाऊ सात महिने प्यायलेला नाही. सतरा तारखेच्या प्रभुभोजनाला आईशेजारी बसायचं, एवढंच तो धरून आहे. फोन केला की तुम्ही प्रार्थना करता आणि आमेन म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. आमच्या लॅबमध्ये न तपासलेल्या नमुन्याला कोणी शुद्ध म्हणत नाही.

मामींना सलाम.
जिज्ञासा

अंबरनाथ, ९ एप्रिल

चि. जिज्ञासा हिस आशीर्वाद.

अगं बाई, हे पत्र आहे की टेस्ट रिपोर्ट? मामी म्हणाली, शिक्का तेवढा राहिला. पापी आपण सगळेच. मी तर पहिला. पण असं नावगाव घालून कोणी लिहितं का? कमिटीतल्या जनाबाई विचारत होत्या, याच्या शेजारी बसून प्रभुभोजन कसं घ्यायचं? नियमाने त्याने वर्षभर सुधारून दाखवावं, दोन सभासदांच्या सह्या आणाव्यात, मग कृपा आहेच. पण आपला भाचा, म्हणून सांगतो: त्याला नवा फॉर्म भरायला लाव, चौथा रकाना कोरा. लगेच घेतो.

रागावू नकोस. जेवायला ये.
तुझा मामा

चिखलोली, ११ एप्रिल

ती. मामा यांस,
सलाम.

समर्थ नको म्हणाला. कोरा फॉर्म देऊन आत बसण्यापेक्षा बाहेर उभा राहीन, म्हणतो. आणि वर्षभराचं काम बघून जे मिळतं त्याला आमच्याकडे पगार म्हणतात, कृपा नाही.

बासष्ट कोऱ्यांत माझाही एक होता. तो रद्द करून नवा जोडला आहे. रकाना चौथा: ‘समर्थ पिऊन कंपनीच्या गेटवर आला होता. हा तुमचा कोण, असं वॉचमनने विचारलं. कोणी नाही, असं मी सांगितलं. समर्थने ते ऐकलं.’ झेरॉक्स सोबत आहे.

आता यादीतून माझंही नाव काढा, किंवा दोघांची ठेवा. माया कमी करायची असेल तर तेही लेखी कळवा.

उत्तर मंगळवार, १५ एप्रिलपर्यंत हवं.

आपली भाची,
जिज्ञासा