गिळलेलं अव्यय

रविवार, संध्याकाळ. शिरूर.

शालन हरली, पुण्याच्या फेरीत मी गेलो. बातमी असती तर एवढ्यावर भागलं असतं.

राक्षस-चेटकिणींच्या पत्त्यांची स्पर्धा, शेवटचा डाव. समोर न्हावऱ्याची शालन, डेअरीवर दूध घालून थेट आलेली. माझी पुढची चाल शाप टाकायची होती. तिनं हातातलं कार्ड माझ्यापुढंच धरलं.

"सर, ह्ये इंग्रजी लई बारीक हाय. काय म्हणतंय?"

"ह्यानं शाप टाकणाऱ्यावरच उलटतो." इथवर खरं बोललो.

"म्हंजी माझी पाळी आल्यावं टाकायचं?"

मी "हं" केलं. आम्ही बातमीदार ह्याला दुजोरा म्हणतो.

कार्डावर 'केव्हाही' होतं. म्हणजे माझ्या पाळीतसुद्धा. 'केव्हाही' हे अव्यय, आणि अव्यय कधी खर्ची पडत नाही, असं संस्कृत पाठशाळेत घोकलं होतं. मी ते गिळलं आणि शाप टाकला. शालन कार्ड धरून पाळीची वाट बघत राहिली. त्या शापानंच डाव संपला, पाळी आलीच नाही.

केव्हाही. एक शब्द सांगायला काय जात होतं? पुणं जात होतं.

स्टँडकडे जाताना तिनं मोबाईलवर अर्थ काढला आणि थांबली. "सर, ह्ये कवाबी टाकता येतंय की! जाऊ द्या, तुमच्याबी ध्यानात आलं नसंल."

"हो ना," मी म्हणालो. हो ना!

तिनं ते कार्ड माझ्या खिशात सरकवलं. "न्या पुण्याला. तिथं तरी येळेवर टाका."

मी घेतलं. नको म्हणायला तोंड कुठं उरलं होतं?